एका इंजिनामागची वीस वर्षं : द्रव प्रणोदन प्रणाली केंद्राची वाटचाल

१४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ घेऊन निघालेल्या एलव्हीएम-३ रॉकेटचं वजन होतं सुमारे ६४० टन. त्यातलं यान ३,९०० किलोंचं आणि प्रत्यक्ष चंद्राच्या मातीवर चाललेला प्रज्ञान रोव्हर २६ किलोंचा. ६४० टनांतला फार मोठा भाग काही मिनिटांत जळून वायूच्या रूपानं मागं फेकला गेला. यात उधळपट्टी कुणाचीच नव्हती. पृथ्वी सोडून जायचं तर एवढं मोल मोजावंच लागतं, आणि ते ठरवणारं सूत्र सव्वाशे वर्षांपासून आपल्याला ठाऊक आहे.

हे सूत्र मांडलं रशियातल्या कलुगा गावातल्या एका शाळामास्तरांनी. कॉन्स्टांटिन त्सिओलकोव्हस्की यांना लहानपणीच बहिरेपण आलं होतं, शिक्षण बहुतेक स्वतःच्या बळावर झालेलं. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी दाखवलं, की रॉकेटला मिळणारा वेग दोनच गोष्टींवर ठरतो. एक, मागं फेकल्या जाणाऱ्या वायूचा वेग. दुसरी, भरलेल्या आणि रिकाम्या रॉकेटच्या वजनांचं गुणोत्तर. मेख अशी, की हे गुणोत्तर सूत्रात लॉगरिदमच्या रूपात येतं. वेग दुप्पट हवा असेल तर गुणोत्तराचा वर्ग करावा लागतो, तिप्पट हवा असेल तर घन. लांबच्या मुलखात निघालेल्या बैलगाडीवर बैलांची वैरणही लादायची, त्या वैरणीच्या ओझ्यापायी आणखी वैरण लादायची, तसं हे गणित वाढत जातं.

पृथ्वीभोवतीच्या जवळच्या कक्षेत सेकंदाला ७.८ किलोमीटर वेग लागतो. हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षणाशी चाललेली झुंज धरली, तर रॉकेटला जवळपास ९.४ किलोमीटरची तयारी ठेवावी लागते. वायू सेकंदाला २.९ किलोमीटरनं बाहेर पडत असेल, तर जमिनीवरच्या पंचवीस किलोंतला जेमतेम एक किलो कक्षेत पोचेल, आणि त्या एका किलोतच टाकी, पंप आणि इंजिनही आलं. म्हणून रॉकेटचे टप्पे करावे लागतात. रिकामी टाकी टाकून देत देत वर जावं लागतं.

भारतात या सूत्राशी रोजचा संसार करणारी एक संस्था आहे : इस्रोचं द्रव प्रणोदन प्रणाली केंद्र, म्हणजे एलपीएससी. तिरुवनंतपुरमजवळ वलियमला इथं तिचं मुख्यालय आणि बेंगळुरूत दुसरा परिसर. महेंद्रगिरीची चाचणी केंद्रंही तिचीच होती. २०१४ मध्ये त्यांची स्वतंत्र संस्था झाली. उपग्रह आणि रॉकेटं यांची नावं घरोघरी पोचली. त्यांना ढकलणारी इंजिनं घडवणाऱ्या या केंद्राची कहाणी मात्र त्या मानानं कमी सांगितली गेली आहे.

घन इंधनाचा पहिला धडा

२१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याच्या किनाऱ्यावरून उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकी बनावटीचं नाइकी-अपाची होतं. पुढं विक्रम साराभाईंच्या तरुण सहकाऱ्यांनी स्वतःचं रॉकेट बनवायला घेतलं, तेव्हा सुरुवात घन इंधनापासून झाली. घन इंधनाचं रॉकेट रचनेला सोपं. पंप नाही, झडपा नाहीत. मिश्रण साच्यात ओतलं, घट्ट झालं, पेटवलं. या मिश्रणाचं रसायन भारतात उभं करण्यात पुण्यात जन्मलेल्या वसंत गोवारीकरांचा वाटा मोठा होता. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ नं सुमारे ३५ किलोंचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्याचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. तेव्हा गोवारीकर विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते.

पण घन इंधन एकदा पेटलं, की ते संपेपर्यंत थांबत नाही. मध्येच बंद करून तासाभरानं पुन्हा सुरू करता येत नाही, आणि वायूचा वेगही सेकंदाला २.६ किलोमीटरच्या आसपास अडकतो. पस्तीस किलोंवरून टनभर वजनाकडं जायचं, अचूक कक्षा गाठायची, तर द्रव इंधनाशिवाय गत्यंतर नव्हतं. नंबी नारायणन हे ठामपणे मांडणाऱ्यांपैकी एक. त्यांनी अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात रासायनिक प्रणोदनाचा अभ्यास केला होता. ए. ई. मुथुनायगम यांनी या विषयासाठी माणसं, यंत्रं आणि जागा जमवली आणि पुढं तेच एलपीएससीचे पहिले संचालक झाले.

श्रमाच्या बदल्यात विद्या

१९७४ मध्ये फ्रान्सच्या एसईपी या कंपनीशी एक करार झाला. फ्रेंचांना युरोपच्या एरियान रॉकेटसाठी वायकिंग इंजिन विकसित करायचं होतं आणि हातांची गरज होती. भारताकडं परकीय चलन नव्हतं, अभियंते होते. ठरलं असं, की भारतीय अभियंते फ्रान्समध्ये एकूण शंभर मनुष्यवर्षांचं काम करतील, भारत दाबमापक उपकरणं बनवून देईल आणि बदल्यात इंजिनाचं तंत्रज्ञान मिळेल. आपले लोक फ्रान्समधल्या व्हर्नोन गावी गेले. नुसत्या आराखड्यांच्या घड्या घेऊन ते परतले नाहीत. इंजिन कुठं बिघडतं, वेल्डिंगला कुठं तडा जातो, चाचणीच्या आकड्यांतून दोष कसा ओळखायचा, हे हातांनी शिकून आले.

मग भारतीय कारखान्यांत ते इंजिन घडलं आणि त्याला विकास हे नाव मिळालं. १९८५ मध्ये त्याची चाचणी व्हर्नोनलाच घ्यावी लागली, कारण एवढं मोठं इंजिन पेटवून पाहायला आपल्याकडं चाचणी मंच तयार नव्हता. सुमारे ८० टनांचा रेटा देणारं हे इंजिन दोन द्रवांवर चालतं. ते एकमेकांना भिडताच आपोआप पेट घेतात, त्यामुळं प्रज्वलनाची भानगड नाही. मात्र दोन्ही द्रव अतिशय विषारी. म्हणून मंच उभारायला जागा निवडली ती तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यातली, पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला महेंद्रगिरीच्या पायथ्याशी, वस्तीपासून दूर. या केंद्राचा खरा प्राण तिथले चाचणी मंच. इंजिन कागदावर नीट दिसतं, मंचावर ते खरं बोलतं.

विकास इंजिन पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात बसलं. २० सप्टेंबर १९९३ चं पहिलं उड्डाण फसलं, पण विकासनं आपलं काम केलं होतं. दोष रॉकेटचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या बाजूचा होता. १५ ऑक्टोबर १९९४ ला पीएसएलव्ही यशस्वी झालं. करारापासून यशापर्यंत बरोबर वीस वर्षं गेली. त्यानंतर या एका इंजिनानं इस्रोचा भार वाहिला. पीएसएलव्हीत एक, जीएसएलव्हीत पाच, एलव्हीएम-३ मध्ये दोन विकास इंजिनं असतात. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात ती घडतात, आणि त्यांतली कारागिरी हे मराठी मुलखाचं या कहाणीशी असलेलं सगळ्यांत ठोस नातं आहे.

उणे २५३ अंश

दळणवळणाचे जड उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीच्या भूस्थिर कक्षेकडं पाठवायचे, तर विकासचा २.९ किलोमीटरचा वायुवेग पुरेना. वर जाईल त्या टप्प्यात प्रत्येक किलो महाग, आणि सूत्र सांगतं, की तिथं वायूचा वेग वाढवणं सगळ्यांत फायद्याचं. हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू. तो ऑक्सिजनमध्ये जाळला, तर वेग सेकंदाला ४.४ किलोमीटरच्या पुढं जातो. अडचण साठवणीची. द्रवरूपात राहायला हायड्रोजनला उणे २५३ अंश सेल्सियस आणि ऑक्सिजनला उणे १८३ अंश तापमान लागतं. पाण्याच्या चौदाव्या हिश्शाइतकीच घनता असलेला हा द्रव बारीकशा फटीतूनही निसटतो, आणि त्याला ढकलणारा पंप त्या गारठ्यात मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरतो. त्याच इंजिनात हातभर अंतरावर तीन हजार अंशांची आग असते.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघाच्या ग्लाव्हकॉस्मॉस या संस्थेशी असं अतिथंड द्रवांवर चालणारं, म्हणजे क्रायोजेनिक, इंजिन आणि तंत्रज्ञान दोन्ही घेण्याचा करार झाला. मे १९९२ मध्ये अमेरिकेनं क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या प्रसाराचं कारण पुढं करून इस्रो आणि ग्लाव्हकॉस्मॉस दोघांवर निर्बंध घातले. खरं तर तासन्‌तास थंड करून, शेवटच्या क्षणी भरावं लागणारं इंधन क्षेपणास्त्राच्या उपयोगाचं नसतं. तरीही १९९३ मध्ये रशियानं माघार घेतली. तयार टप्पे मिळतील, विद्या मिळणार नाही, असं नवं ठरलं. १९९४ मध्ये एलपीएससीत स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याचा प्रकल्प सुरू झाला.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात क्रायोजेनिक कामाची धुरा वाहणाऱ्या नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या आरोपाखाली केरळ पोलिसांनी अटक केली. सीबीआयनं १९९६ मध्ये आरोप निराधार ठरवले, १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं, २०१८ मध्ये त्याच न्यायालयानं पन्नास लाखांची भरपाई देवविली आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. एका माणसाचं आयुष्य आणि एका केंद्राची उमेद यांचं जे नुकसान झालं, ते यातल्या कशानंच भरून आलेलं नाही. संस्थेची वाटचाल लिहिताना हे पान गाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

तरीही काम चालू राहिलं. १५ एप्रिल २०१० ला स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन पहिल्यांदा उडालं. ते पेटलं, पण हायड्रोजनचा दाब वाढवणारा छोटा पंप थांबला आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात गेलं. त्यानंतरची पावणेचार वर्षं ही या केंद्राच्या इतिहासातली सर्वांत शिकण्याजोगी. त्या पंपाची रचना नव्यानं तपासली आणि सुधारली गेली. वरच्या निर्वातात इंजिन पेटतं का, हे जमिनीवरच निर्वात कक्षात करून पाहिलं गेलं. १९ ऑगस्ट २०१३ ला उड्डाणाला सव्वा तास उरला असताना खालच्या द्रव टप्प्यात गळती दिसली आणि उलटगणती थांबवली गेली. ५ जानेवारी २०१४ ला जीएसएलव्ही-डी५ नं जीसॅट-१४ उपग्रह कक्षेत सोडला. १९९४ ते २०१४, पुन्हा वीस वर्षं.

पुढचं सीई-२० हे क्रायोजेनिक इंजिन त्यामानानं लवकर आलं, कारण तोवर शिकलेले हात तयार होते. पहिल्या इंजिनाची रशियन वळणाची रचना बाजूला ठेवून साधं, जमिनीवर भाग वेगवेगळे तपासता येतील असं चक्र त्यासाठी निवडलं गेलं. ५ जून २०१७ ला ते पहिल्यांदा उडालं, आणि चांद्रयान-२ व ३ दोन्ही त्यानंच कक्षेत नेली. याचा अर्थ हायड्रोजन वश झाला असा नव्हे. १२ ऑगस्ट २०२१ ला जीएसएलव्ही-एफ१० चा क्रायोजेनिक टप्पा पेटलाच नाही. एका झडपेच्या गळतीनं टाकीतला दाब उतरला होता.

लहान इंजिनांची मोठी कामं

केंद्राचं निम्मं कर्तृत्व तळहातावर मावतील अशा यंत्रांत आहे. मंगळयानाचं उदाहरण घ्या. त्याचं वजन १,३३७ किलो, पैकी ८५२ किलो इंधन. यातलं बहुतेक इंधन जाळणारं मुख्य इंजिन ४४० न्यूटनचं, म्हणजे पंचेचाळीस किलोंचं वजन कसंबसं पेलेल एवढ्या ताकदीचं. १ डिसेंबर २०१३ ला मध्यरात्रीनंतर त्यानं यान मंगळाच्या वाटेला लावलं आणि मग ते जवळपास तीनशे दिवस निजलेलं राहिलं. संक्षारक द्रवांच्या संगतीत एवढा काळ पडून राहिलेली झडप उघडेल का, ही खरी धास्ती होती. म्हणून इंधनाला दुसरी समांतर वाट आधीच ठेवली होती. २२ सप्टेंबर २०१४ ला चार सेकंदांची चाचणी घेतली, आणि २४ ला ते सुमारे चोवीस मिनिटं अखंड जळलं. मंगळानं भारताचं यान धरून ठेवलं ते या इंजिनामुळं.

चांद्रयानाच्या विक्रम लँडरची ८०० न्यूटनची इंजिनंही इथलीच. त्यांचा रेटा कमीजास्त करता येतो. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा लँडर कोसळला, २३ ऑगस्ट २०२३ ला तशाच चार इंजिनांनी चांद्रयान-३ अलगद उतरवलं. अलीकडं, ९ मे २०२४ ला पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन त्रिमितीय छपाईनं घडवून ६६५ सेकंद चालवून पाहिलं गेलं. पूर्वी चौदा भाग जोडून होणारं काम एका तुकड्यात आलं आणि एकोणीस वेल्ड गळाले. व्हर्नोनला वेल्डची भाषा शिकलेल्या पिढीच्या वारसांनी वेल्डच काढून टाकले.

भिंत

आता मूळ प्रश्नाकडं, म्हणजे वायूच्या वेगाकडं येऊ. आपलं पहिलं क्रायोजेनिक इंजिन सेकंदाला सुमारे ४.४५ किलोमीटर वेगानं वायू फेकतं. जगातली सर्वांत कार्यक्षम हायड्रोजन इंजिनंही ४.६ च्या आतच आहेत. म्हणजे सर्वोत्तमाच्या अगदी जवळ आपण पहिल्याच खेपेला पोचलो, आणि त्यापलीकडं कुणालाच फारसं जाता आलेलं नाही. रासायनिक बंधांत ऊर्जाच तेवढी आहे. हुशारी वाढवून ती वाढत नाही.

म्हणून पुढच्या रासायनिक इंजिनांचा भर वेगावर नाही. २,००० किलोन्यूटनच्या सेमीक्रायोजेनिक इंजिनात द्रव ऑक्सिजनसोबत हायड्रोजनऐवजी शुद्ध केरोसीन वापरतात. त्याचा वायुवेग हायड्रोजनपेक्षा कमी, पण केरोसीन दाट, साठवायला सोपं, टाकी लहान. खालच्या टप्प्याला तेच मानवतं. २००८ च्या अखेरीस मंजूर झालेल्या या इंजिनाची जुलै २०२३ ची चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. २८ मार्च २०२५ ला महेंद्रगिरीत ज्वलनकक्ष सोडून उरलेलं इंजिन अडीच सेकंद यशस्वी चाललं. ते उडू लागलं, की एलव्हीएम-३ ची भूस्थिर मार्गावरची क्षमता चार टनांवरून पाचच्या आसपास जाईल. सतरा वर्षांच्या मेहनतीचं फळ एक टन. सूत्राजवळ राहणाऱ्यांना त्या एका टनाची किंमत कळते. २०२४ मध्ये ४,७०० किलोंचा जीसॅट-२० आपल्याला अमेरिकी रॉकेटवर पाठवावा लागला होता.

ताऱ्यांचं स्वप्न तर या सूत्रापुढं टिकतच नाही. प्रॉक्सिमा सेंटॉरी हा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर-१ यानाच्या सेकंदाला १७ किलोमीटर वेगानं तेवढं अंतर कापायला सुमारे पंचाहत्तर हजार वर्षं लागतील. प्रकाशाच्या एक टक्का वेग रासायनिक इंजिनानं गाठायचा, तर भरलेल्या आणि रिकाम्या रॉकेटच्या वजनांचं गुणोत्तर एकावर जवळपास २९० शून्यं इतकं लागेल. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या एकावर ८० शून्यांच्या घरात आहे.

भिंतीला वळसा

सूत्र मोडत नाही, पण त्याला वळसा घालता येतो, आणि या केंद्राची पुढली दशकं त्या वळशांची असणार आहेत.

पहिला वळसा, रॉकेट परत आणणं. यानं वायूचा वेग वाढत नाही, उलट परतीच्या इंधनापायी थोडा भार कमी होतो. पण यंत्र टाकून द्यावं लागत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या नव्या पिढीच्या प्रक्षेपकाचा पहिला टप्पा परत येणारा असेल. त्यासाठी द्रव मिथेनवर चालणारं इंजिन घडतं आहे. मिथेन काजळी कमी धरतो, म्हणून पुन्हा पुन्हा वापरायला बरा.

दुसरा वळसा, अवकाशातच जोडणी. एका झेपेत नेता येत नाही ते दोन झेपांत न्यायचं. १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्स मोहिमेची दोन यानं कक्षेत एकमेकांना जोडली गेली. चंद्राची माती आणणाऱ्या चांद्रयान-४ चे भाग दोन उड्डाणांत पाठवून वर जोडण्याची योजना यावरच उभी आहे.

तिसरा वळसा सर्वांत दूरचा : आगीऐवजी वीज. झेनॉन वायूचे अणू विद्युतभारित करून विद्युतक्षेत्रानं मागं फेकले, तर वेग सेकंदाला पंधरा ते वीस किलोमीटर होतो, क्रायोजेनिकच्या तिप्पट-चौपट. ५ मे २०१७ ला उडालेल्या जीसॅट-९ वर आपण हे प्रथम वापरलं. मार्च २०२५ मध्ये ३०० मिलिन्यूटनच्या स्वदेशी प्लाझ्मा थ्रस्टरनं हजार तासांची चाचणी पुरी केली. त्याचा रेटा तीस ग्रॅम वजन पेलेल एवढाच. जमिनीवरून तो काहीच उचलू शकत नाही. मात्र निर्वातात महिनोन्‌महिने चालत राहिला, की तोच उपग्रहाला भूस्थिर कक्षेत नेतो. जीसॅट-१४ चं वजन उड्डाणावेळी १,९८२ किलो आणि इंधनाविना ८५१ किलो होतं. ज्या उपग्रहाचं निम्म्याहून अधिक वजन इंधनाचं, तिथं या थ्रस्टरची बचत किती मोठी, हे उघड आहे.

सूर्यापासून फार दूर गेल्यावर मात्र वीज आणायची कुठून, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर अणूत आहे. अमेरिकेनं १९६० च्या दशकात अणुभट्टीत हायड्रोजन तापवून फेकणारी इंजिनं जमिनीवर चालवून दाखवली होती. वायूचा वेग रासायनिकच्या जवळपास दुप्पट होता. १९७३ मध्ये खर्चापायी ते काम बंद पडलं आणि अजून कुणी तसं इंजिन उडवलेलं नाही. आपल्याकडं चांद्रयान-३ च्या प्रणोदन भागात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं दिलेले किरणोत्सारी उष्णतेचे दोन छोटे संच होते. त्यांतून रेटा मिळत नाही, नुसती ऊब मिळते. तरी यानातल्या अणुऊर्जेवर इस्रो आणि भाभा केंद्रानं एकत्र काम केल्याचं ते एक उदाहरण आहे.

वेळापत्रक

जी. माधवन नायर, के. सिवन, एस. सोमनाथ आणि जानेवारी २०२५ पासूनचे व्ही. नारायणन हे इस्रोचे चार अध्यक्ष या केंद्राचे संचालक राहून गेले आहेत. इंजिनवाल्यांच्या हाती संस्थेची सूत्रं वारंवार का येतात, याचं कारण वाटचालीतच दिसतं. इथं माणूस संयम शिकतो. अपयशाला कारण शोधल्याशिवाय सोडायचं नाही आणि यशानंतरही चाचणी चुकवायची नाही, हे इथं अंगवळणी पडतं.

विकासला वीस वर्षं लागली, क्रायोजेनिकला वीस, सेमीक्रायोजेनिक त्याच वळणावर आहे. २०३५ चं अवकाशस्थानक आणि २०४० ची चंद्रावरची भारतीय पावलं, ही उद्दिष्टं हाती असलेल्या आणि घडत असलेल्या रासायनिक इंजिनांवर गाठता येतील. त्यापुढचं काही हवं असेल, माणसांनी मंगळाला जाणं किंवा गुरू-शनीच्या चंद्रांवर आपलं यान उतरणं, तर त्याची इंजिनं वेगळी असणार आणि ती २०४५ च्या सुमारास हवी असतील. म्हणजे त्यांचं काम आताच सुरू व्हायला हवं. मोठ्या शक्तीच्या प्लाझ्मा थ्रस्टरांसाठी निर्वात कक्ष, अणुशक्तीच्या प्रणोदनासाठी भाभा केंद्रासोबतचा कायमचा गट आणि त्यात विशीतले पन्नास-शंभर अभियंते, ही मागणी आज चैनीची वाटेल. १९७४ मध्ये गरीब देशानं आपले तरुण व्हर्नोनला धाडले, तेव्हाही ती तशीच वाटली असेल. पण त्यांच्याच कामावर पुढची पन्नास वर्षं उभी राहिली. पुढच्या पन्नास वर्षांची तजवीज आता आपल्याला करायची आहे, आणि तिची तरतूद याच दशकाच्या अंदाजपत्रकात दिसली पाहिजे.